चहाच्या पाण्यात पाय बुडवताना: पायांचा घाम आणि वास कमी करण्याची नीट पद्धत

पायांना फार घाम येतो, बूट काढले की खोलीभर वास पसरतो, यावर चहाच्या पाण्याचा उपाय सांगणारे पुष्कळ भेटतात. करून बघितलेलेही पुष्कळ भेटतात, आणि त्यातले बरेच जण म्हणतात, ‘छे, काही उपयोग झाला नाही.’ नेमकं काय केलं होतं ते विचारलं की उत्तरं साधारण सारखीच येतात. कुणी उरलेला दूध-साखरेचा चहा पाण्यात ओतलेला असतो. कुणी पिशवी दोन मिनिटं गरम पाण्यात बुडवून काढलेली असते. कुणी दोन दिवस करून सोडून दिलेलं असतं. काहींनी तर भेगाळलेल्या टाचांवर हाच उपाय केलेला असतो आणि त्यांच्या टाचा आधीपेक्षा जास्त फाटलेल्या असतात.

चहा पायावर नेमकं काय करतो हे माहीत नसलं की या चुका होतात. कडक काळा चहा प्यायल्यावर जीभ आणि गाल आतून आखडल्यासारखे होतात. तो तुरटपणा चहातल्या टॅनिनांचा. टॅनिन प्रथिनांना चिकटतं आणि त्यांना आवळतं. तळव्याच्या त्वचेवरही तेच घडतं: वरचा थर थोडा आवळला जातो, घाम बाहेर पडायला अडथळा होतो, पाय कोरडा राहतो. चहा पाय कोरडा करतो, एवढं एक वाक्य लक्षात ठेवलं तरी अर्ध्या चुका टळतात. ओल्या पायाला त्याचा उपयोग, कोरड्या पायाला त्रास.

## पायरी १: आधी पाय नीट बघा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, म्हणून तिच्यावरच सगळ्यात जास्त लिहितो आहे. चांगल्या उजेडात बसा. दोन्ही तळवे, टाचा, नखं आणि प्रत्येक बोटाची बेचकी उघडून बघा. तळवा दिसत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवा किंवा घरातल्या कुणाला तरी बघायला सांगा.

नुसता घाम आणि वास. त्वचा अखंड आहे, खाज नाही, सालं निघत नाहीत, पण पाय सतत दमट असतात आणि बंद बुटात वास येतो. चहाचं पाणी आहे ते या पायांसाठी. ताज्या घामाला स्वतःचा असा वास जवळजवळ नसतो. त्वचेवरचे जिवाणू घामातले आणि मेलेल्या त्वचेतले घटक फोडतात, त्यातून आयसोव्हॅलेरिक आम्लासारखे पदार्थ तयार होतात, आणि आपल्याला येतो तो वास त्यांचा. तळव्यावर घामाच्या ग्रंथी अतिशय दाट असतात. वर मोजा, त्यावर बूट, हवा लागत नाही. जिवाणूंना याहून सोयीची जागा शरीरावर क्वचितच मिळते.

तळव्यावर बारीक खळगे. टाच किंवा चवड्याच्या जाड त्वचेवर टाचणीने टोचल्यासारखी भोकं दिसतात, पाय ओले केले की ती पांढरी आणि ठळक होतात, वास फार तीव्र असतो. हा जिवाणूंचा संसर्ग आहे. त्वचारोगतज्ज्ञ याला पिटेड केराटोलायसिस म्हणतात. यावर लावायचं प्रतिजैविक मलम लागतं आणि ते डॉक्टरच लिहून देतील. पाय कोरडे ठेवायला चहाच्या पाण्याची जोड चालते, पण नुसत्या चहावर हे बरं होण्याची वाट बघू नका.

चिखल्या. बोटांच्या बेचक्यांत, बहुतेकदा करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटामध्ये, त्वचा पांढरट, भिजल्यासारखी आणि फाटलेली असते. खाज सुटते, आग होते. यामागे बहुतेक वेळा बुरशी असते. चहाने ही बुरशी हटत नाही. क्लोट्रिमॅझोल किंवा टर्बिनाफिनसारखं बुरशीनाशक मलम लागतं. त्वचा फाटलेली असताना पाय पाण्यात बुडवून ठेवणं तर नकोच, मग ते पाणी चहाचं असो की साधं. मलमाने त्वचा सांधली, खाज गेली, की पुन्हा चिखल्या होऊ नयेत म्हणून पाय कोरडे ठेवायला चहा वापरता येतो.

इथे एक सावधगिरी मनापासून सांगतो. स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र असलेली मलमं लावली की खाज एका दिवसात थांबते, म्हणून ती हातोहात फिरतात. स्टेरॉइडमुळे लाली आणि खाज दबते, बुरशी मात्र आतून पसरत राहते, आणि पुढे डॉक्टरांनाही ती ओळखणं अवघड होतं. दुसऱ्याला गुण आला म्हणून त्याची ट्यूब तुमच्या पायाला लावू नका.

तळवाभर कोरडे कोंड्यासारखे पापुद्रे. बरेच जण याला ‘कोरडी त्वचा’ समजून वर्षानुवर्षं तेल चोळत राहतात. तळव्याच्या कडेपर्यंत, चप्पल घातल्यासारख्या आकारात पापुद्रे असतील, किंवा एकाच पायावर असतील, तर बुरशीची शंका घ्या आणि दाखवून घ्या. चहा इथे निरुपयोगी आहे.

भेगा. टाचांना भेगा पडल्या असतील तर चहा नको. मी स्वतः ही चूक केली आहे. वास जावा म्हणून रोज पाय बुडवत होतो, टाचांच्या बारीक चिरांकडे लक्ष दिलं नाही, आणि आठवड्याभरात चालताना टाच टेकवणं नकोसं झालं. भेगांना ओलावा हवा असतो: आंघोळीनंतर दमट त्वचेवर युरिया असलेलं क्रीम किंवा पेट्रोलियम जेली, आणि रात्री वरून सुती मोजे. भेगा भरल्या की मग चहाचा विचार करा.

कुरूप, घट्टे, चामखीळ, जाड पिवळी नखं. यांपैकी कशालाही चहाने फरक पडत नाही. चामखीळ विषाणूमुळे होते, नखं बहुधा बुरशीमुळे पिवळी-जाड होतात, आणि कुरूप दाबामुळे होतं. प्रत्येकाचा उपचार वेगळा.

> तपासा: त्वचा कुठेही फाटलेली, सोललेली, पाणी सुटलेली किंवा सुजलेली नाही ना? एका जरी जागी असेल तर पुढे जाऊ नका.

## पायरी २: हा उपाय तुमच्यासाठी आहे का?

मधुमेह असेल तर पाय कुठल्याही पाण्यात बुडवून ठेवू नयेत. चहाची यात काही विशेष चूक नाही. मधुमेहात पायांची संवेदना हळूहळू कमी होते, पाणी भाजण्याइतकं गरम असलं तरी कळत नाही. फार वेळ भिजलेली त्वचा मऊ पडून फाटते, आणि लहानशी जखमही भरायला फार वेळ घेते. ‘माझी साखर आटोक्यात आहे’ हे इथे पुरेसं कारण नाही. डॉक्टरांनी पाय तपासून परवानगी दिली असेल तरच करा.

हेच पायांचा रक्तपुरवठा कमी असलेल्यांना, पायांना बधिरपणा असणाऱ्यांना आणि पायावर ताजी शस्त्रक्रिया झालेल्यांना लागू आहे. इसब असलेल्यांनीही टाळावं, कारण त्यांची त्वचा आधीच कोरडी असते. लहान मुलांसाठी करत असाल तर गरम काढ्याचं भांडं त्यांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा आणि पाणी तुम्ही स्वतः तपासल्याशिवाय मुलाचे पाय त्यात जाऊ देऊ नका.

## पायरी ३: सामान जमवा

एका वेळेसाठी एवढं लागतं:

- काळ्या चहाच्या २ पिशव्या, किंवा २ लहान चमचे चहाची पूड
- उकळायला अर्धा लिटर पाणी
- वरून मिसळायला २ लिटर साधं, गार पाणी
- स्टीलचं, काचेचं किंवा तामचिनीचं पातेलं
- गाळणी किंवा पातळ फडकं
- दोन्ही पाय जेमतेम मावतील एवढाच टब
- गडद रंगाचा जुना टॉवेल

चहा कुठला? साधा काळा चहा. महाग आणि सुवासिक चहाचा इथे काही फायदा नाही. उलट पिताना जो चहा फार कडक आणि तुरट लागतो तो या कामाला उत्तम. ग्रीन टीतही तुरट घटक असतात, घरात तोच असेल तर चालेल. कॅमोमाइल किंवा पुदिन्याच्या ‘हर्बल टी’ मध्ये मात्र चहाचं पान नसतंच, नावापुरता चहा. त्या वापरून फरक पडला नाही तर दोष उपायाचा नाही.

टी ट्री ऑइल म्हणजे चहा नव्हे. हा घोळ इतका होतो की वेगळा सांगायला हवा. टी ट्री ऑइल मेलाल्युका नावाच्या वेगळ्याच झाडाच्या पानांतून काढतात. चहाच्या झुडपाशी त्याचं नातं नाही आणि कामही वेगळं आहे. काहींच्या त्वचेला त्याने पुरळ येतं, आणि बाटली उघडी राहून तेल जुनं झालं असेल तर ही शक्यता वाढते. ते चहाच्या पाण्यात थेंब-थेंब टाकू नका. तेल पाण्यात मिसळत नाही, वर तरंगतं, आणि पाय बाहेर काढताना सगळं एकाच पट्ट्यात त्वचेला चिकटतं.

दूध नको, अजिबात नको. दुधातली प्रथिनं टॅनिनला धरून ठेवतात. दूध घातलेला चहा कमी तुरट लागतो तो त्यामुळेच. जे टॅनिन तुमच्या पायाला हवं ते दुधाने आधीच अडवलेलं असतं. साखरेने चिकटपणा येतो आणि जिवाणूंना आयतं खाद्य मिळतं. आलं, मिरी, लवंग त्वचेला झोंबतात. म्हणजे कपात उरलेला चहा या कामाचा नाहीच.

लोखंडी भांडं नको. टॅनिन आणि लोह एकत्र आले की काळसर रंग तयार होतो. पूर्वी याच क्रियेतून लिहायची शाई बनवत. लोखंडी कढईत किंवा गंजलेल्या पातेल्यात चहा उकळलात तर काळं पाणी मिळेल, टॅनिन वाया जाईल आणि पायांवर डाग पडतील.

आणखी काही घालायचं का? नाही. मीठ, व्हिनेगर, तुरटी, खायचा सोडा, लिंबू यांतलं काहीही यात मिसळू नका. सोड्याने चहा लगेच गडद होतो, त्यामुळे ‘कडक झाला’ असं वाटतं. खरं तर सोड्याच्या अल्कधर्मी पाण्यात चहातले घटक भराभर बिघडतात, आणि त्वचेला जी थोडी आम्लता हवी असते तीही जाते. एका वेळी एकच उपाय केला म्हणजे गुण कशाने आला आणि पुरळ कशाने आलं हे तरी कळतं.

## पायरी ४: एक दिवस आधी छोटी चाचणी

कडक काळा चहा थंड करा. कापसाचा बोळा त्यात भिजवून घोट्याच्या आतल्या बाजूला १० मिनिटं धरा, मग धुऊन टाका. २४ तास त्या जागेवर लक्ष ठेवा. हलका तपकिरी रंग राहिला तर हरकत नाही. लाली, खाज, गांधी किंवा आग झाली तर हा उपाय तुमच्या त्वचेला मानवत नाही, इथेच थांबा.

## पायरी ५: काढा तयार करा

सगळ्यात जास्त गफलत इथे होते, कारण आपला हात पिण्याच्या चहाला सरावलेला असतो. पिण्याचा चहा कडवट होऊ नये म्हणून आपण तो वेळेत उतरवतो. इथे नेमकं उलटं करायचं आहे. जो कडवट तुरटपणा कपात नको असतो तोच टबात हवा आहे.

1. पातेल्यात अर्धा लिटर पाणी उकळायला ठेवा.
2. उकळी आली की चहा घाला आणि आंच मंद करा.
3. झाकण ठेवून १५ मिनिटं उकळू द्या. घड्याळ लावा. अंदाजाने केलेली १५ मिनिटं बहुधा ६–७ भरतात.
4. आंच बंद करून काढा गाळा. पूड वापरली असेल तर दोनदा गाळा. टबात उरलेले कण बोटांच्या बेचक्यांत जाऊन बसतात आणि तिथे ओल धरून ठेवतात.

> तपासा: गाळलेल्या काढ्याचा एक थेंब गार करून जिभेवर ठेवा. जीभ आखडली पाहिजे, तोंड वाकडं झालं पाहिजे. पिण्याजोगा लागत असेल तर काढा कच्चा आहे, पुन्हा उकळा.

काढ्यावर कधी कधी पातळ, तेलकट दिसणारी साय धरते. जड पाण्यातल्या कॅल्शियममुळे असं होतं. त्याने काही बिघडत नाही.

काढा रोज ताजा करा. फारच घाई असेल तर एका वेळी दोन दिवसांचा उकळून अर्धा, दूध किंवा साखर न घालता, झाकून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. बाहेर ठेवलेल्या चहात जिवाणू वाढतात आणि मग बुरशी धरते. पायाचे जिवाणू आवरायला म्हणून जिवाणूंनी भरलेलं पाणी घेण्यात अर्थ नाही.

## पायरी ६: काढा उकळतोय तोवर पाय धुवा

ती १५ मिनिटं रिकामी घालवू नका. पाय साबणाने धुवा, बेचक्यांत बोट घालून धुवा, आणि साबण पूर्ण निघेपर्यंत पाणी ओता. त्वचेवर साबणाचा, क्रीमचा किंवा तेलाचा थर राहिला तर चहा त्वचेपर्यंत पोचतच नाही. मग पाय टिपून कोरडे करा.

वज्रीने किंवा फाईलने घासायचं असेल तर ते आज नको. जाड मेलेली त्वचा कमी केली तर वासाला खरोखर मदत होते, कारण जिवाणू तिच्यावरच जगतात. पण घासल्यावर त्वचेला न दिसणारे ओरखडे पडतात आणि त्यावर चहा झोंबतो. घासणं दोन दिवस आधी उरकून घ्या. दाढीच्या पात्याने त्वचा तासू नका, कधीच नाही. नखंही आदल्या दिवशी, सरळ रेषेत कापून ठेवा.

## पायरी ७: पाणी मिसळा आणि गरमपणा बघा

टबात आधी २ लिटर गार पाणी घ्या आणि त्यात काढा ओता. हा क्रम बदलू नका. गरम काढा आधी ओतला आणि कुणी चुकून पाय टाकला तर भाजेल.

नळाचं पाणी २५ अंश सेल्सिअसच्या आसपास असेल तर नुकताच उकळून गाळलेला काढा मिसळल्यावर सगळं मिळून शरीराइतकं किंवा किंचित जास्त, साधारण ३७ ते ४० अंशांचं होतं. नळाचंच पाणी कोमट येत असेल तर काढा १० मिनिटं निवू द्या, नाहीतर मिश्रण ४० अंशांच्या वर जातं. पाणी अगदी गार झालं तरी चालतं, थोडा गारवा लागेल इतकंच. गरम पाणी मात्र चालत नाही. त्याने पायाचा घाम वाढतो, त्वचा लवकर भिजून सुरकुतते आणि तिचं नैसर्गिक तेल निघून जातं. ‘शेक’ आणि हा उपाय एकत्र करायला जाऊ नका.

> तपासा: कोपर पाण्यात बुडवा. गरमही वाटू नये आणि थंडही वाटू नये. पायाने तपासू नका, तळव्याची जाड त्वचा फसवते.

एक चूक पुष्कळ घरांत होते. टब मोठा असतो, अडीच लिटर पाणी तळाशी पसरतं, पाय बुडत नाहीत, म्हणून वरून आणखी पाणी ओतलं जातं. मग चहाचा रंग तेवढा उरतो. टब मोठा असेल तर काढा आणि पाणी दोन्ही दुप्पट करा. पाणी घोट्यापर्यंत यायची गरज नाही. तळवा, टाच आणि बोटं बुडली की पुरे.

## पायरी ८: पाय बुडवा, २० ते ३० मिनिटं

पाच मिनिटांत काही होत नाही. तळव्याची वरची त्वचा शरीरात सगळ्यात जाड असते आणि टॅनिनला तिच्यावर काम करायला वेळ लागतो. पहिल्या दिवशी २० मिनिटं करा, त्रास झाला नाही तर पुढच्या दिवसापासून ३० पर्यंत न्या. त्यापुढे जाऊ नका. तासभर बसल्याने गुण दुप्पट येत नाही, त्वचा मात्र फुगून नाजूक होते.

पाय एकमेकांवर ठेवू नका. बोटं अधूनमधून फाकवा म्हणजे बेचक्यांत पाणी फिरेल. मध्येच आग व्हायला लागली तर पाय लगेच बाहेर काढून साध्या पाण्याने धुवा. न दिसलेली चीर कुठेतरी असते.

एकाचं झालं की त्याच पाण्यात दुसऱ्याने पाय घालायचे नाहीत. बुरशी अशी घरभर फिरते. वापरलेलं पाणी तिथल्या तिथे ओतून टाका आणि टब धुऊन उन्हात किंवा वाऱ्यावर वाळवा.

## पायरी ९: पाय कोरडे करणं

सगळा खटाटोप पाय कोरडे राहावेत म्हणून केला, आणि शेवटी ओल्या पायांत मोजे चढवले, तर ते न करण्यासारखंच आहे.

चहाचं पाणी साध्या पाण्याने धुऊ नका, पाय तसेच टिपा. घासू नका. टॉवेलचं टोक प्रत्येक बेचकीत घालून टिपा: प्रत्येक पायाच्या चार बेचक्या, एकूण आठ. मोजून करा. करंगळीजवळची बेचकी घट्ट असते, ती हमखास राहते आणि चिखल्यांची सुरुवात तिथूनच होते. त्यानंतर किमान १५ मिनिटं पाय उघडे ठेवा. पंख्याची हवा चालेल. हेअर ड्रायर वापरायचा तर फक्त थंड हवेवर.

म्हणूनच हे सगळं रात्री झोपण्यापूर्वी करणं सोयीचं. सकाळी केलं तर पाय सुकायच्या आधीच बुटात जातात.

डोळ्याला दिसणारा तपकिरी रंग, विशेषतः नखांच्या कडेला, काही दिवसांत आपोआप जातो. तो घालवायला ब्लीच किंवा लिंबू चोळू नका. पांढऱ्या टॉवेलवरचा डाग मात्र सहज जात नाही, गडद टॉवेल त्यासाठीच सांगितला.

रात्री तळव्यांना तेल किंवा जड क्रीम लावू नका. टाचा ओढल्यासारख्या वाटत असतील तर फक्त टाचेला थोडं क्रीम लावा, बेचक्यांत कधीही नाही.

## पायरी १०: किती दिवस, आणि गुण येतोय हे कसं ओळखायचं?

पहिले ७ ते १० दिवस रोज. एका दिवसाचा खाडा चालेल, चार दिवसांचा नाही. त्यानंतर आठवड्यातून एक-दोनदा पुरे. टॅनिनने आवळलेला त्वचेचा वरचा थर सतत झडत असतो आणि खालून नवा येत असतो, त्यामुळे उपाय थांबवला की घाम हळूहळू पूर्ववत होतो. चहा घाम आवरतो, घामाचं मूळ कारण काढून टाकत नाही. हे आधीच माहीत असलं की महिन्याभराने ‘पुन्हा सुरू झालं’ म्हणून निराश व्हायला होत नाही.

स्वतःच्या पायाचा वास स्वतःला नीट कळत नाही, नाक त्याला सरावतं. त्यामुळे कागदाची चाचणी करा. सुरू करायच्या आधी, संध्याकाळी बूट काढल्याबरोबर, कोऱ्या टिशू कागदावर अनवाणी पाय पाच सेकंद दाबा. ओल कुठे आणि किती उमटली त्यावर पेनाने रेघ मारून तारीख घाला. पाचव्या आणि दहाव्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा करा. ओलीचा ठसा लहान होत असेल तर उपाय लागू पडतो आहे. तापमान आणि चालणं रोज वेगळं असतं, म्हणून एका कागदावरून निकाल लावू नका.

> थांबा: तळवे खरखरीत झाले, बारीक रेघा पडू लागल्या किंवा त्वचा ताणल्यासारखी झाली, तर पाय पुरेसे कोरडे झाले आहेत. चार दिवस सुट्टी द्या आणि नंतर आठवड्यातून एकदाच करा.

## पायरी ११: बूट आणि मोजे

पाय कितीही साफ केले तरी कालचा दमट बूट सकाळी पुन्हा चढवला तर जिवाणू परत पायावर. दिवसभर वापरलेला बंद बूट आतून पूर्ण सुकायला साधारण २४ तास लागतात. म्हणून शक्य असेल तर दोन जोड आलटून-पालटून वापरा. एकच जोड असेल तर घरी आल्यावर नाड्या सैल करून जीभ वर ओढा, आतली गादी बाहेर काढा आणि आत कोरडा कागद कोंबा. तासाभराने तो बदला. कपाटात बंद करून ठेवू नका. उन्हात ठेवायचे असतील तर आतली बाजू उन्हाकडे करा.

मोजे रोज धुतलेले हवेत, आणि घाम फार येत असेल तर दिवसात एकदा बदला. धुताना उलटे करा, कारण घाम आणि मेलेली त्वचा आतल्या बाजूला असते. बुरशी झालेली असेल तर गार पाण्याने ती मोज्यांतून जात नाही. ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुवावे लागतात. पूर्ण सुती मोजा घाम शोषतो पण ओलाच राहतो, म्हणून दिवसभर बुटात असणाऱ्यांना ओल बाहेर टाकणारे मिश्र धाग्याचे मोजे बरे पडतात.

बुटात अत्तर किंवा सुगंधी फवारा मारून काही साधत नाही. जुन्या वासावर नवा वास बसतो, एवढंच.

## पायरी १२: दहा दिवसांनंतरही फरक नसेल तर

आधी मागे वळून बघा: काढा १५ मिनिटं उकळला होता का, त्यात दूध नव्हतं ना, टबात पाणी वाढवलं होतं का, बूट सुकत होते का. यातलं काही चुकलं असेल तर ते सुधारून आणखी दहा दिवस द्या.

सगळं नीट करूनही कागद तितकाच ओला होत असेल तर घाम चहाच्या आवाक्याबाहेरचा आहे. पुढची पायरी म्हणजे अॅल्युमिनियम क्लोराइड असलेलं, घाम रोखणारं औषध. ते रात्री, अगदी कोरड्या पायांना लावतात. चहाच्या पाण्यातून पाय काढल्या काढल्या लावलं तर भयंकर झोंबतं, म्हणून दोन्ही एका रात्री करू नका. त्यानेही भागलं नाही तर त्वचारोगतज्ज्ञांकडे पाण्यातून सौम्य विद्युतप्रवाह देण्याचा आयन्टोफोरेसिस नावाचा उपचार असतो, आणि बोट्युलिनमची इंजेक्शनंही असतात. तळव्यांबरोबर तळहातांनाही लहानपणापासून असाच घाम येत असेल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. तो ओळखीचा आजार आहे आणि डॉक्टर तो रोज बघतात.

अंगभर अचानक घाम सुरू झाला, रात्री झोपेत कपडे भिजू लागले, वजन उतरू लागलं किंवा छातीत धडधड होऊ लागली, तर पायांचा विचार बाजूला ठेवून डॉक्टरांना भेटा. पाय लाल होऊन ती लाली वर चढत असेल, गरम लागत असेल, पू किंवा ताप असेल, तर त्याच दिवशी जा. जाताना आठ दिवसांत पायाला काय काय लावलं त्याची यादी आणि मलमांच्या ट्यूब बरोबर न्या. तपासणीच्या आदल्या रात्री चहाचं पाणी, पावडर, मलम यांतलं काहीही लावू नका. तपकिरी रंग चढलेल्या त्वचेवर लाली आणि पापुद्रे नीट दिसत नाहीत, आणि मलम लावलेलं असेल तर बुरशीची तपासणी चुकीची येऊ शकते.